आयंबिलच्या रात्री तुपातलं संगीत

श्रीपाळ-मयणेची कथा सुरतेत कुणी सादर करणार असेल, तर त्याच्याकडून थोडी जास्त अपेक्षा ठेवायचा आपल्याला हक्क आहे. कारण दर ओळीला आपण ही कथा ज्या रूपात ऐकतो, ते रूप इथलंच. तापीच्या पलीकडे, अडाजणला लागून रांदेर आहे. आज तो शहराचा एक भाग आहे, पण एके काळी ते स्वतंत्र आणि जुनं बंदर होतं. तिथल्या चातुर्मासात उपाध्याय विनयविजयजींनी विक्रम संवत 1738 मध्ये, म्हणजे इ.स. 1682 च्या सुमारास, ‘श्रीपाळ राजानो रास’ लिहायला घेतला. साडेसातशेच्या आसपास गाथा झाल्या आणि ते काळधर्म पावले. राहिलेला रास त्यांना दिलेल्या शब्दाखातर उपाध्याय यशोविजयजींनी पुरा केला. चार खंड, साधारण साडेबाराशे गाथा. कथा त्याहून जुनी. रत्नशेखरसूरींनी ती संवत 1428 मध्येच प्राकृतात लिहिली होती. पण बायाबापड्यांच्या ओठांवर ती आली रांदेरच्या रासामुळे.

आपल्यातल्या ज्या मैत्रिणी दिगंबर घरातल्या आहेत, त्यांना ही मैनासुंदरी म्हणून ठाऊक आहे. अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान होतं तेव्हा तिचंच नाव घेतलं जातं. तपशील थोडे वेगळे, पण बाई तीच.

यंदाच्या आश्विन ओळीत आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये हा रास ‘एकपात्री’ झाला. ओळीच्या सातव्या रात्री, प्रतिक्रमण आटोपल्यावर. स्टेजवर एकच तरुण. पुढे एकावर एक दोन कीबोर्ड, बाजूला ऑक्टोपॅड, एक लॅपटॉप, गालाला चिकटलेला माइक आणि पायाशी लूपर. लूपर म्हणजे पायाने दाबायचं एक बटण असतं. आत्ता गायलेली ओळ ते यंत्र धरून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. तिच्यावर गायक दुसरी ओळ चढवतो, मग तिसरी. राजा तोच, दोन्ही राजकन्या तोच, कोढी तोच, समुद्रही तोच. दोन तास एकट्या माणसाने सातशे-आठशे लोकांना खिळवून ठेवलं. ही सोपी गोष्ट नाही आणि तसं आधीच म्हणून टाकते, कारण पुढे मी बरंच काही बोलणार आहे.

एकट्याने सगळी कथा गाणं ही गुजरातेत काही नवी तऱ्हा नाही. तांब्याच्या मोठ्या घागरीवर अंगठ्या घातलेल्या बोटांनी ताल धरून आख्यान सांगणारे माणभट्ट इथे होऊन गेले. वडोदऱ्याच्या धार्मिकलाल पंड्यांनी ती कला आपल्या काळापर्यंत आणली. ज्याचं नाव या आख्यानांशी कायमचं जोडलेलं आहे, तो सतराव्या शतकातला कवी प्रेमानंद वडोदऱ्याचा, पण त्याचा मुक्काम सुरतेत आणि आमच्या खानदेशातल्या नंदुरबारला असायचा. म्हणजे विनयविजयजी रांदेरला रास रचत होते, साधारण त्याच काळात याच रस्त्यांवर एक माणूस घागर वाजवून एकट्याने नळ-दमयंती उभे करत होता. आपल्याकडचं कीर्तन तरी दुसरं काय आहे? तेव्हा एकटा कलाकार आणि हाताशी एक वाद्य, ही चौकट आपली ओळखीची आहे. घागरीच्या जागी कीबोर्ड आला म्हणून नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही.

चालींबद्दलही तेच. फिल्मी चालीवर स्तवन आलं की आपल्यातल्या ज्येष्ठ बेन लगेच चुकचुकतात. पण रासाची जुनी पोथी उघडून पाहा. प्रत्येक ढाळेच्या डोक्यावर ‘देशी’ लिहिलेली असते, म्हणजे ही ढाळ अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणा. ती गाणी त्या वेळी बाजारात, लग्नात, पाणवठ्यावर चालणारी होती. मोहनलाल दलीचंद देसाईंनी ‘जैन गुर्जर कविओ’मध्ये अशा देशींची मोठी यादीच करून ठेवली आहे. आपल्या साधुकवींना लोकांच्या कानातली चाल उचलायला कमीपणा वाटला नाही. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांकडे राहतं, हा त्यातला हिशेब.

तेव्हा माझी तक्रार विजेबद्दल नाही, कीबोर्डबद्दल नाही आणि चालींबद्दलही नाही. तक्रार अशी आहे की या सादरीकरणात मयणा हरवली. आणि ती हरवली यंत्रामुळे नाही, यंत्र कुठे लावायचं याच्या निवडीमुळे.

कथेचा पहिला मोठा प्रसंग घेऊ. उज्जैनीचा राजा प्रजापाळ भर दरबारात दोन मुलींची परीक्षा घेतो. मुली समस्यापूर्ती करतात, राजा खूश होतो, आणि मग विचारतो की तुमचं सुख कुणामुळे? सुरसुंदरी बापाच्या मनातलं बोलते: तुमच्यामुळे, बाबा. तिला हवा तो राजपुत्र मिळतो. मयणा गप्प असते. पुन्हा विचारल्यावर सांगते की सुख-दुःख ज्याच्या त्याच्या कर्मानं येतं. तुम्ही निमित्त आहात, देणारे नाही. राजाचा अहंकार दुखावतो. तो सातशे कोढ्यांच्या टोळीचा प्रमुख उंबर राणा दारात आलेला पाहतो आणि मुलीला म्हणतो, हा घे तुझ्या कर्मानं आणलेला नवरा. मयणा पुढे होते आणि त्याचा हात धरते.

नुसतं श्रद्धेनं ऐकून पुढे जायची आपल्याला सवय आहे, म्हणून इथे जरा थांबा. परदेशातल्या परीकथांमध्येही राजकन्या आणि विद्रूप नवरा ही जोडी आहे. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ नातवंडांबरोबर आपणही पाहिलेली. 1740 मध्ये फ्रान्समधल्या मादाम द व्हिल्नव या बाईंनी ती लिहून छापली. त्यातली मुलगी श्वापदाच्या घरी जाते ती बापाचा जीव वाचवायला. बेडूक-राजपुत्राच्या गोष्टीतली मुलगी बेडकाला ताटात घेते ती बापाने दटावलं म्हणून. म्हणजे दोघी बापाच्या शब्दात आहेत. मयणा कोढ्याच्या झोपडीत जाते ती बापाला ‘नाही’ म्हटलं म्हणून. गोष्टीचा साचा तोच, पण पायाचा दगडच वेगळा. एका राजकन्येने भरल्या सभेत बापाच्या सत्तेची मर्यादा सांगितली, शांतपणे, आवाज न चढवता, आणि त्याची किंमत त्याच दिवशी मोजली.

आता त्या रात्री काय झालं ते सांगते. सुरसुंदरीच्या उत्तराला बासरीचा गोड सूर होता, ठीक. मयणा बोलायच्या आधीच कीबोर्डावर ढगांचा गडगडाट सुरू झाला. मग ऑक्टोपॅडवर नगारा. मग तिचं वाक्य आलं आणि त्याला प्रतिध्वनी लावलेला. ‘कर्म… कर्म… कर्म…’ असं हॉलभर घुमत राहिलं. टाळ्या पडल्या. पण तिचं पुढचं बोलणं, तुम्ही निमित्त आहात हे, त्या घुमण्यात बुडून गेलं. वाद सगळा त्या एका शब्दात आहे. निमित्त या शब्दाशिवाय उरते ती नुसती कर्माची धमकी.

आणि नंतर तर कलाकाराने स्वतःचं एक गाणं घातलं. मयणा बापाच्या पायाशी बसून विदाईचं गाणं म्हणते: मी तुमच्या अंगणातली चिमणी, माझं चुकलं असेल तर पोटात घाला, वगैरे. व्हायोलिनच्या आवाजाचा कीबोर्ड, मागे शहनाई. हॉलमध्ये रुमाल निघाले. माझ्या पुढच्या रांगेत एक दहा-बारा वर्षांची मुलगी आजीबरोबर बसली होती. तिने आजीला मोठ्यानेच विचारलं, “बा, तिने सॉरी का म्हटलं? तिचं बरोबर होतं ना?” आजीने तिला गप्प केलं.

मला वाटतं त्या रात्रीचं सगळ्यात नेमकं परीक्षण त्या मुलीने केलं. रासात मयणा माफी मागत नाही. ती रडून गोंधळ घालत नाही आणि बापाला शापही देत नाही. लग्नाच्या रात्री खुद्द उंबर राणा तिला सांगतो की माझ्या रोगाने तुझा देह नासेल, तू परत जा. ती तेही ऐकत नाही. एका दिवसात बाप आणि नवरा अशा दोन पुरुषांचं तिने ऐकलं नाही, आणि तरी आपण तिला सतीत मोजतो. हे आपल्या परंपरेचं मोठेपण आहे. ते विदाईच्या गाण्यात वाहून गेलं. दीक्षार्थींच्या विदाय समारंभात, लग्नात, सगळीकडे हेच गाणं थोड्या फरकाने वाजतं. तोच सूर, तेच व्हायोलिन. त्यात मयणा घातली की ती कुणाचीही मुलगी होते, मयणा राहत नाही.

एका प्रसंगाचं मात्र मनापासून कौतुक करते. सातशे कोढ्यांचं येणं. तिथे त्याने एकही वाद्य वाजवलं नाही. माइकमध्ये तो नुसता खोकला. लूपरने तो खोकला धरला. मग काठी आपटल्याचा आवाज, तोही धरला. मग एक कण्हणं. एकावर एक थर चढत गेले आणि पाहता पाहता एका माणसाच्या घशातून सातशे माणसं हॉलमध्ये चालत आली. बायांनी पदर नाकाला लावले, खरंच लावले. या कथेत कोढी म्हणजे फक्त सोडवायचा चमत्कार नव्हे, ती एक वस्ती आहे. चंपानगरीच्या राणी कमलप्रभेचं राज्य दिराने बळकावलं, तेव्हा तिच्या लहानग्या श्रीपाळाला याच माणसांनी आपल्यात लपवलं, आणि त्यांच्यातच राहून त्याला रोग जडला. जगाने टाकलेल्यांनी त्याला जपलं. त्यांचं इतकं खरं येणं मी याआधी कुठे ऐकलं नव्हतं. घागर वाजवणारा हे करू शकला नसता. म्हणजे यंत्राने काय साधता येतं हे या मुलाला ठाऊक आहे.

मग पुढे तो घसरला. सिद्धचक्राचं न्हवण शिंपडल्यावर रोग जातो त्या जागी दहा मिनिटं घंटा, शंख, ढोल, रंगीत दिवे. भरूचच्या बंदरात धवल शेठची अडकलेली जहाजं, रत्नद्वीप, समुद्रात ढकललेला श्रीपाळ, हे सगळं थरारपटासारखं वाजलं. समुद्र छान होता, पण इतका वेळ होता की त्यात श्रीपाळाचं ठाण्याला किनाऱ्याला लागणं एका वाक्यात उरकलं. ठाण्याच्या टेंभी नाक्याला मुनिसुव्रतस्वामींचं देरासर आहे, त्याला आपण कोकण शत्रुंजय म्हणतो, ते याच आठवणीने. मुंबई-ठाण्याच्या पाहुण्या बाया हॉलमध्ये होत्या, त्यांना ते ऐकायला आवडलं असतं. सतराव्या शतकातल्या सुरतेत तर हा भाग लोकांनी वेगळ्याच कानांनी ऐकला असणार. वीरजी व्होरांसारखे सावकार होऊन गेलेलं हे शहर, ज्याच्या त्याच्या घरचं कुणीतरी समुद्रावर. भागीदाराच्या मालावर आणि बायकोवर डोळा ठेवणारा धवल शेठ त्यांना पेढीवरचा ओळखीचा वाटला असेल. आपल्या कलाकाराने त्याला सिनेमातला खलनायक केला, हसण्यासकट.

आणि शेवटी जे गाळलं, त्याने मला सगळ्यात जास्त बोचलं.

श्रीपाळ राजा होऊन उज्जैनीला परततो. प्रजापाळाला खांद्यावर कुऱ्हाड घेऊन शरण यावं लागतं, आणि जावई ओळखल्यावर तो मान खाली घालतो. सगळे एकत्र येतात. आनंदाप्रीत्यर्थ नाटक लावायचं ठरतं. श्रीपाळाला बब्बरकुळच्या राजाने आंदणात दिलेली नाटकमंडळी असते. तिला उभं राहायची आज्ञा होते आणि मुख्य नटी उठतच नाही. पुन्हा सांगतात. शेवटी उठते, पण नाचत नाही, गात नाही. ती रडते आणि स्वतःची कहाणी सांगते. ती सुरसुंदरी. हवा तो राजपुत्र मिळालेली, बापाची लाडकी. वाटेत दरोडेखोरांनी गाठलं, नवरा तिला टाकून पळाला, ती विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि नाच शिकून राजांपुढे नाचत राहिली. आज समोर आई बसलेली दिसली आणि पाय उचलेना.

विचार करा, ही काय जागा आहे! कथेच्या आत स्टेज आहे. स्टेजवर एकटी बाई आहे. सगळे गाण्याची वाट पाहताहेत आणि ती गाणं थांबवून खरं बोलते. बापाने दिलेलं सुख किती टिकलं, या दरबारातल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं, आणि ते मयणा देत नाही, तिची बहीण देते. मयणा तेव्हा मी म्हटलं नव्हतं का असं म्हणत नाही. दोघी बहिणी आहेत, दोघींना एकाच माणसाने सभेत उभं केलं होतं. एकटा कलाकार स्वतः स्टेजवर उभा असताना ही जागा त्याच्यासाठीच राखून ठेवल्यासारखी आहे. त्याने ती गाळली. माहितीपत्रकात लिहिलं होतं: वेळेअभावी. विदाईच्या गाण्याला मात्र बारा मिनिटं मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाश्रयात साध्वीजी महाराजांचं रासवाचन होतं. आपल्याला माहीतच आहे, आपल्याकडे बऱ्याच समुदायांत साधु-साध्वी भगवंत माइक वापरत नाहीत. वीज म्हणजे तेउकाय, अग्निकायाची विराधना. पंखे बंद, दिवे बंद, आवाज उघडा. मागच्या बायांना ऐकू आलं नाही की पुढच्या सांगतात. सुरसुंदरीच्या जागी साध्वीजींनी ढाळ गायची थांबवली आणि गाथा नुसती वाचली, तीही इतक्या हळू की सगळ्या उपाश्रयाने मान पुढे केली. मग क्षणभर काहीच नाही. बाहेरून रिक्षाचा आवाज आला तेवढाच. मला रात्रीचा सगळा कार्यक्रम त्या क्षणात मोजता आला.

यावर कुणी म्हणेल की मग बाई, उपाश्रयातच ऐका ना, हॉलमध्ये कशाला येता? पण सकाळच्या वाचनाला मी धरून बहुतेक साठीकडे झुकलेल्या होतो. रात्री हॉलमध्ये मुलं होती, कॉलेजातल्या मुली होत्या, हिरेबाजारातून दिवसभर थकून आलेले पुरुष होते. त्यांच्यापर्यंत मयणा पोहोचवायची तर हा तरुण आपल्याला हवाच आहे. म्हणूनच त्याच्यावर एवढं लिहायचं. आणि वीज आली की शांतता जाते, असंही काही नाही.

विजेच्या संगीताची गोष्ट तर आपल्याच गुजरातेत फार आधी सुरू झाली आणि तिच्यात आपल्या समाजातली एक बाई आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला. तिथे त्या वर्षांत जे काम झालं, ते पुढे कित्येक वर्षं फितींवर पडून राहिलं. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या फिती शोधून काढल्या आणि 2023 मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातली एक संगीतकार म्हणजे गीता साराभाई, अंबालाल शेठांच्या घरातली मुलगी, पखवाज शिकलेली. ही गीता 1946 मध्ये न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिने जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्तानी संगीत शिकवलं. संगीत कशासाठी, असं त्याने विचारल्यावर तिने आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं, मन शांत व्हावं म्हणजे त्यात वरचं काही उतरू शकेल. केजने हे स्वतः अनेकदा लिहून ठेवलं आहे. पुढे 1952 मध्ये त्याने वादकाने एकही सूर न वाजवण्याची ती प्रसिद्ध रचना केली. तेव्हा यंत्राचं संगीत आणि शांतता यांचं वैर आहे असं समजायचं कारण नाही. आपल्याच घरातल्या मुलीने त्या दोघांची ओळख करून दिली होती.

दुसरं उदाहरण जवळच्या काळातलं. बेंगळुरूच्या गायिका-अभिनेत्री एम. डी. पल्लवी यांचा ‘सी शार्प सी ब्लंट’ हा एकपात्री प्रयोग. 2013 चा. दिग्दर्शन जर्मनीच्या सोफिया स्टेप्फ यांचं, लेखनात आपल्या मराठी नाटककार इरावती कर्णिक यांचाही सहभाग, आणि यंत्राचे आवाज निखिल नागराज यांचे. त्यात गाणारी बाई म्हणजे मोबाइलमधलं एक ॲप असते. नाव शिल्पा. दिसायला छान, वापरायला सोपी, म्हणाल तेव्हा म्हणाल तसं गाणारी. गायिकेकडून लोकांना नेमकं काय हवं असतं, हे तिथे यंत्राच्याच भाषेत उघडं केलेलं आहे. या प्रयोगाशी आपल्या सुरसुंदरीचं नातं मला फार जवळचं वाटतं. तीही हुकूम झाला की नाचणारी बाहुली झाली होती. फरक इतकाच की तिच्यापाशी एक क्षण आला आणि तिने नाचायचं नाकारलं. आमच्या कलाकाराच्या हातात लूपर होता. सुरसुंदरीचंच एक गाणं लूपरवर फिरत ठेवून, तेच ते, तेच ते, आणि मग पायाने बटण बंद करून त्याने नुसतं बोलायला सुरुवात केली असती, तर? त्याच्या यंत्राला याहून चांगली जागा साडेबाराशे गाथांत सापडायची नाही.

आता घरच्या भाषेत सांगते. ओळीचे नऊ दिवस आपण आयंबिल करतो. दूध नाही, दही नाही, तूप-तेल नाही, गूळ-साखर नाही, तळलेलं नाही. सहाही विगई बंद. हिरवी भाजी नाही, फळ नाही, फोडणी नाही. एका जागी बसून दिवसातून एकदा. पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उकडलेल्या मुगाला मुगाची चव लागायला लागते. ज्वारीची भाकरी गोड लागते. ज्यांनी केलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. चव धान्यात असतेच, तुपामुळे ती कळत नव्हती इतकंच. असे एक्याऐंशी आयंबिल, साडेचार वर्षांत नऊ ओळ्या, हे मयणेने सुरू केलेलं तप म्हणून आपण करतो. परीकथेत शाप सुटतो तो एका चुंबनाने. इथे तो नऊ दिवसांच्या अळणी अन्नाने आणि नवपदाच्या ध्यानाने सुटतो.

आणि त्याच रात्री, दिवसभर मीठ-मिऱ्यावर राहिलेल्या बायांपुढे, संगीत आलं ते तुपात थबथबलेलं. दर दोन मिनिटांनी व्हायोलिन. दर वाक्याला प्रतिध्वनी. आता रडा, आता टाळ्या वाजवा, असं सांगणारं. तूप वाईट नाही, पारण्याच्या दिवशी मीही शिऱ्यात हात सैल सोडते. पण कोणत्या दिवशी कोणत्या ताटात, हे रांधणाऱ्याला कळायला हवं. दीक्षेच्या विदायीत, लग्नात, वर्षीतपाच्या पारण्यात जे चालतं ते ओळीत मयणेच्या तोंडी घातलं की तिची चव जाते.

कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळांनाही माझं एक सांगणं आहे, आणि त्यात महिला मंडळंही आली, म्हणजे आपणच. कलाकार तेच देतो ज्याला आपण टाळी देतो. बोलावताना आपण विचारतो, “रडवतात ना?” कार्यक्रम कसा झाला, तर “सगळ्यांना रडवलं” हे मोठं प्रशस्तिपत्र. रासात रडण्यासारखं एकच ठिकाण खऱ्या अर्थाने आहे, आणि ते गाळलेलं आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी बोलावताना विचारूया की सुरसुंदरी आहे का. चार खंडांतलं नेमकं काय काय घेणार, ते आधी मागूया. दोन तासांत सगळा रास मावत नाही हे मान्य, तर समुद्र थोडा कमी करा. आणि आपल्या मुली समोर बसणार आहेत, त्यांच्यापुढे मयणेला माफी मागायला लावू नका.

तो तरुण चैत्र ओळीत पुन्हा येणार आहे असं ऐकते. त्याचा आवाज चांगला आहे, हात तयार आहे, आणि कोढ्यांच्या त्या प्रसंगात त्याने दाखवून दिलं की एका खोकल्यातून तो माणसांची वस्ती उभी करू शकतो. ज्याला हे जमतं त्याला दरबारातली एक मुलगीही उभी करता येईल. तिच्यासाठी फार काही लागणार नाही. एक तानपुरा, तोही विजेचा चालेल. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत कीबोर्डवरून हात बाजूला. आणि ‘निमित्त’ हा शब्द शेवटच्या रांगेतल्या आजींपर्यंत स्पष्ट पोहोचेल, एवढाच माइक.